परका शेजारी आणि साथीची लस

भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयानें ९ ऑगस्ट २०२१ रोजीं एक छोटासा निर्णय जाहीर केला. या देशांत वास्तव्य करणाऱ्या परकीय नागरिकांस आपला पासपोर्ट दाखवून ‘कोविन’ या सरकारी व्यवस्थेंत नांव नोंदवितां येईल व कोरोनाची लस टोंचून घेतां येईल, एवढाच त्याचा आशय होता. ९ ऑगस्ट हा दिवस मुंबईकरांस निराळ्याच कारणानें ठाऊक आहे. १९४२ सालीं गोवालिया टँकच्या मैदानावरून परकीय सत्तेस ‘चले जाव’ म्हणून बजावण्यांत आलें, त्या चळवळीचा हा स्मृतिदिन. एकोणऐंशी वर्षांनीं त्याच दिवशीं परकीय माणसांस ‘या, बसा, दंड पुढें करा’ असें सरकारनें म्हणावें, हा योगायोग गमतीचा खरा. परंतु त्यांत विरोध मात्र नाहीं. हाकलावयाची होती ती सत्ता. माणसांशीं आमचें वैर नाहीं, असें त्या चळवळीचे पुढारी त्या वेळींही सांगतच होते.

मला येथें विचार करावयाचा आहे तो या निर्णयाचा नव्हे, तर त्याला लागलेल्या वेळाचा. लसीकरणास १६ जानेवारी २०२१ रोजीं प्रारंभ झाला. आधीं रुग्णसेवा करणारे, मग १ मार्चपासून वृद्ध व पंचेचाळिशीपुढचे व्याधिग्रस्त, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढचे सर्व आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील प्रत्येक जण, असा तो क्रम होता. नोंदणीसाठीं आधारपत्र, मतदाराचें ओळखपत्र, वाहन चालविण्याचा परवाना, पॅन कार्ड अशांपैकीं एक कागद लागत असे. ज्यांच्याजवळ यांपैकीं एकही कागद नाहीं अशा साधु-बैराग्यांची, कैद्यांची, भिकाऱ्यांची, मनोरुग्णालयांत ठेवलेल्यांची सोय मे महिन्यांत स्वतंत्र नियमानें करण्यांत आली. ती ज्यांना सुचली त्या अधिकाऱ्यांचें कौतुकच केलें पाहिजे. पण परक्या देशाचा पासपोर्ट, वास्तव्याचा परवाना, भाड्याचा करारनामा असे सर्व कागद ज्याच्यापाशीं व्यवस्थित आहेत, त्याला नियमांत स्पष्ट जागा मिळण्यास ऑगस्ट उजाडला. कागद नसलेला आपला माणूस तीन महिने आधीं आंत आला. कागद असलेला परका उंबऱ्याशीं उभा राहिला. हें न्याय्य होतें काय?

घाईघाईनें ‘नव्हतें’ म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण ते दिवस आठवावे. मे महिन्याच्या मध्यास महाराष्ट्र सरकारला अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांचें लसीकरण थांबवावें लागलें. कारण पंचेचाळिशीपुढच्यांस दुसरी मात्रा देण्यापुरतीही लस हातीं नव्हती. प्राणवायूच्या टाकीसाठीं माणसें गांवभर हिंडत होतीं. अशा वेळीं ‘आधीं घरच्यांचें पाहूं’ असें म्हणणारा माणूस दुष्ट असतो, असें मी मानीत नाहीं. सरकार हें जनतेचें विश्वस्त आहे, आणि विश्वस्तानें ज्यांची ठेव त्यांच्याच कारणीं ती लावावी, हा विचार हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

परंतु ठेव कोणाची, हा प्रश्न उरतोच. ती करदात्यांची म्हणावी, तर हा निकष टिकत नाहीं. परकीय मनुष्य येथें मिळवीत असेल तर प्राप्तीवरील कर भरतो. नुसता विद्यार्थी असला तरी साबणाच्या वडीपासून मोबाईलच्या बिलापर्यंत प्रत्येक खरेदींत कर देतो. उलट, ज्या भिकाऱ्यास आपण मे महिन्यांत रांगेंत घेतलें, त्याला ‘तूं कर किती भरलास?’ असें आपण विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तर तें लाजिरवाणें झालें असतें. म्हणजे, भरलेल्या कराची परतफेड म्हणून आपण लस वांटीतच नव्हतों.

मग कशाच्या आधारें वांटीत होतों? त्याच मे महिन्यांत घडलेला एक प्रकार मला या बाबतींत फार उद्बोधक वाटतो. मुंबईच्या तरुणांस शहरांत लसीची वेळ मिळेना. तेव्हां ज्यांच्या हातीं वेगवान यंत्रें व चपळ बोटें होतीं, ते ठाणें, रायगड, पालघर या जिल्ह्यांतील ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा पटकावूं लागले आणि मोटारी काढून तेथें जाऊन लस टोंचून घेऊं लागले. गांवचा शेतकरी, ज्याला कोविन काय तें ठाऊक नाहीं, केंद्राच्या दाराशीं उभा राहून हें पाहत होता. गांवोगांवीं कुरकुर झाली. ‘आमच्या वांट्याची लस बाहेरच्यांनीं नेली’ हें त्या गाऱ्हाण्याचें सार.

आतां हे ‘बाहेरचे’ कोण? सर्व भारताचे नागरिक, सर्व महाराष्ट्राचे रहिवासी, पुष्कळसे मराठीच बोलणारे, आधारपत्रासुद्धां सगळा सरंजाम जवळ बाळगणारे. नागरिकत्व हाच लसीचा खरा आधार असेल, तर गांवकऱ्यांची तक्रार निव्वळ अडाणीपणाची ठरते. नियमानें तर ती तशी होतीच. तथापि ती ऐकतांच आपल्यापैकीं बहुतेकांस रास्त वाटली, आणि माझ्या मतें ती रास्त होतीही. अमुक गांवीं पाठविलेली लस ही त्या गांवीं जे राहतात, ज्यांना त्याच बाजारांत, त्याच बसगाडींत, त्याच दवाखान्याच्या ओसरीवर एकमेकांना भेटल्यावांचून गत्यंतर नाहीं, त्यांच्यासाठीं आहे, ही आपली कोणी न शिकवितां आलेली समजूत आहे. ती खरी असेल तर अर्ध्या वाटेवर सोडून देतां येत नाहीं. जेथें राहत नाहीं तेथल्या लसीवर नागरिकाचाही पहिला हक्क नसेल, तर जेथें राहतो तेथल्या लसीपासून परक्यास दूर ठेवण्यास निराळें कांहीं कारण दाखविलें पाहिजे.

माझे तर्कशास्त्राचे एक सहाध्यापक येथें मला अडवितात. आवश्यक असणें निराळें व पुरेसें असणें निराळें, असें ते म्हणतात. वास्तव्य लागतें एवढ्यावरून वास्तव्य पुरतें असें सिद्ध होत नाहीं. आक्षेप बिनतोड आहे. म्हणून प्रश्न असा केला पाहिजे कीं, वास्तव्यावर नागरिकत्वाची भर घातल्यानें या विशिष्ट वस्तूच्या बाबतींत वाढतें काय? मतदानाच्या बाबतींत फार वाढतें. मत देणारा देशाचें भवितव्य ठरवितो, आणि जो उद्यां गांठोडें बांधून जाऊं शकतो त्याच्या हातीं तें देण्यास आपण कचरलों तर तें योग्यच आहे. लसीच्या बाबतींत तसें कांहीं वाढत नाहीं. विषाणू ज्या फुप्फुसांत शिरतो तीं कोणत्या देशाचीं, हें त्याला ठाऊक नसतें, आणि गुदमरणाऱ्या माणसाचें दुःख त्याच्या राष्ट्रीयत्वानें कमी होत नाहीं. असा एखादा परकीय रुग्णालयाच्या दाराशीं आणला असतां, खाट रिकामी असून डॉक्टरांनीं त्याला परत लावलें, तर आपण त्यांना क्षमा केली नसती. आणि लस म्हणजे ती खाट लागूं नये म्हणून आधीं केलेली तजवीज; दुसरें काय?

अशा प्रसंगीं आपल्याकडे अतिथिधर्माचा दाखला देण्याची रीत आहे. उपनिषदांनीं अतिथीस देवाच्या पंक्तीस बसविलें, शिबिराजानें शरण आलेल्या कपोतासाठीं स्वतःचें मांस कापून दिलें, वगैरे. हा दाखला मला येथें गैरलागू वाटतो, इतकेंच नव्हे तर किंचित् धोक्याचाही. अतिथि म्हणजे ज्याची येण्याची तिथि ठरलेली नाहीं आणि जो फार काळ राहत नाहीं असा. त्याला आपण देतों तें औदार्यानें. आणि औदार्याचा स्वभाव असा कीं, घरांत टंचाई आली म्हणजे तें आटतें, व आटलें तरी कोणी दोष देत नाहीं. दहा वर्षें शेजारच्या खोलींत राहून जो आपल्याच वाण्याकडून डाळ नेतो, त्याला अतिथि म्हणणें म्हणजे गोड शब्दानें त्याला दाराबाहेर ठेवणें होय. त्याच्यासाठीं मराठींत निराळा शब्द आहे: शेजारधर्म. त्यांत देवत्वही नाहीं व उपकारही नाहीं. शेजाऱ्याच्या घराला आग लागली म्हणजे घागर घेऊन धांवावें लागतें, तो कोणत्या जातीचा वा मुलखाचा हें मागाहून बोलतां येतें.

कान्टनें १७९५ सालच्या आपल्या शाश्वत शांततेवरील निबंधांत असाच कांहींसा भेद केला आहे. परक्याला भेटीस येण्याचा हक्क आहे, राहून पाहुणचार घेण्याचा नाहीं. त्यासाठीं वेगळा करार हवा, असें तो म्हणतो. पुष्कळांस हें कोरडें वाटेल. पण त्यानें एक अट घालून ठेविली आहे: परक्याला परत लावतां येतें तें त्याचा नाश होणार नसेल तरच. २०२१ च्या उन्हाळ्यांत विमानें बंद, सीमा बंद. परत जाण्यास वाट नाहीं आणि राहण्यास लस नाहीं, अशा स्थितींतील माणसास ही अट किती नेमकी लागू पडते! शिवाय, ज्याला आपल्या सरकारनें शिकावयास वा नोकरी करावयास परवाना दिला, त्याच्याशीं तो वेगळा करारही झालेलाच आहे.

सरकारनें आपल्या निर्णयाचें कारण निराळें दिलें होतें. मोठ्या शहरांत परकीय पुष्कळ राहतात, तेथें वस्ती दाट असल्यानें रोग पसरण्याचा संभव अधिक, म्हणून सर्वांस लस मिळणें अवश्य, असें तें कारण. म्हणजे परक्यास टोंचावयाचें तें आपल्या रक्षणासाठीं. राज्यकारभारांत असल्या कारणांचें वावडें असूं नये. चांगलें काम हलक्या कारणानें झालें तरी तें झालेलें बरें. पण या कारणाची दुर्बलता पुढें लवकरच उघडी पडली. लस घेतलेल्यासही संसर्ग होतो व त्याच्यापासून तो दुसऱ्यास लागतो, हें ओमायक्रॉनच्या लाटेनें घरोघर दाखविलें. लसीचा मुख्य लाभ घेणाऱ्यास स्वतःलाच, कठीण दुखण्यापासून व मरणापासून. स्वार्थावर उभारलेला युक्तिवाद अशा वेळीं खचतो. शेजारधर्माच्या युक्तिवादास मात्र त्यानें कांहीं बाधा येत नाहीं.

मुंबईच्या इतिहासाकडे पाहिलें तर कृतज्ञतेचा मुद्दाही पुढें येतो. या देशांत देवीची लस प्रथम टोंचली गेली ती १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत, अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस. आणि ती लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गानें, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी, परमुलखांतून आली होती. १८९६ सालीं प्लेगनें मुंबई ओस पडूं लागली, तेव्हां धांवून आला तो वाल्डेमार हाफकिन. ओडेसांत जन्मलेला, ज्यू म्हणून स्वदेशांत अध्यापकाची जागा नाकारलेला, पॅरिसमध्यें संशोधन केलेला हा गृहस्थ; त्यानें ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा जागेंत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांनीं स्वेच्छेनें ती घेतली. आगाखानांनीं लोकांची भीति जावी म्हणून सर्वांसमक्ष घेतली. परळच्या संस्थेस १९२५ पासून त्याचें नांव आहे. हा इतिहास मला अतिशय प्रिय आहे, तरीही त्याच्यावर फार भार टाकूं नये असें वाटतें. एका परक्यानें उपकार केले म्हणून दुसऱ्या परक्याचा हक्क उत्पन्न होत नाहीं. आणि ज्याच्या देशाचा एकही हाफकिन येथें आला नाहीं, त्याचा हक्क कमीही होत नाहीं.

तीच गोष्ट ‘जशास तसें’ या न्यायाची. रत्नागिरी-रायगडांतील कित्येक घरांची चूल आखातांतील कमाईवर पेटते. संयुक्त अरब अमिरातींत व सौदी अरेबियांत नागरिकांबरोबर तेथील परकीय रहिवाशांसही लस मोफत मिळाली. सिंगापुरानें दीर्घकाळ राहणाऱ्यांस ती तशीच दिली. आपलीं मुलें तेथें सुरक्षित राहिलीं, याचा आनंद आहेच. पण एखाद्या देशानें आपल्या मुलांस नाकारलें असतें, तर येथें शिकणाऱ्या त्या देशाच्या विद्यार्थ्यास नाकारण्यास आपण मोकळे झालों असतों काय? त्याचें सरकार त्यानें निवडलेलें असेल वा नसेल. त्याचा दंड मात्र त्याचाच आहे.

मी जुईनगरांत राहतों. परका कोण, हा प्रश्न येथें विचारतांना जीभ थोडी अडखळते. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, पंचाण्णव गांवांच्या जमिनी घेण्यांत आल्या आणि आगरी-कोळ्यांच्या भाताच्या खांचरांवर व मिठागरांवर आमच्या इमारती उभ्या राहिल्या. जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या परिसरांत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी मोबदल्यासाठीं उठले, तेव्हां पोलिसांच्या गोळीबारांत पांच माणसें मेलीं. तेव्हां सातारा, नागपूर, केरळ, लखनौ अशा ठिकाणांहून येऊन आज येथें ‘सोसायटीचे मेंबर’ म्हणून मिरविणाऱ्या आम्हां लोकांस खालच्या मजल्यावरील आफ्रिकन विद्यार्थी तेवढा उपरा वाटतो, हें आश्चर्यच. जुन्या गांवकऱ्यांच्या हिशेबीं आम्ही दोघेही कालचेच!

एक कठीण प्रश्न उरला आहे, तो टाळणें बरें नव्हे. ज्याच्या परवान्याची मुदत संपली आहे, किंवा ज्याला तो कधीं मिळालाच नव्हता, त्याचें काय? शेजारी तर तोही आहे. त्याला राहूं द्यावें कीं नाहीं, हें कायद्यानें ठरवावें. लस टोंचल्यानें राहण्याचा हक्क मिळत नाहीं. पण हे दोन प्रश्न एकाच टेबलावर मांडले म्हणजे काय होतें, तें मलेशियानें दाखविलें आहे. तेथील सरकारनें फेब्रुवारी २०२१ मध्यें परकीयांस, कागद नसलेल्यांसह, लस मोफत देण्याचें जाहीर केलें. आणि त्याच वर्षाच्या जूनच्या सुमारास कागद नसलेल्यांची धरपकडही चालविली. ज्या दारापलीकडे पोलीस उभा असण्याची शंका आहे, त्या दारानें कोण आंत येईल? आपल्याकडील निर्णयांत पासपोर्टाची अट आहे. पण पासपोर्ट म्हणजे व्हिसा नव्हे. मुदत टळून गेलेला मनुष्यही पासपोर्ट दाखवूं शकतो. टेबलाशीं बसलेल्या परिचारिकेनें नांव आणि जन्मतारीख उतरून घेतल्यावर त्या पुस्तिकेचीं पुढचीं पानें उलटावीं काय? माझ्या मतें उलटूं नयेत. तें काम दुसऱ्या खात्याचें आहे, आणि त्या खात्याचा माणूस त्या दिवशीं त्या इमारतींत नसावा.