श्रेष्ठत्वाचें माप

अमेरिकेंत बेसबॉलचें वेड किती आहे, याची कल्पना क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या वाचकांस सहज येईल. तेथें खेळ सायंकाळीं संपतो, पण खेळावरील वाद पिढ्यान् पिढ्या चालतो. आणि त्या वादांतला कधींहि न मिटणारा प्रश्न हा, कीं आजवरच्या सर्व खेळाडूंत श्रेष्ठ कोण? बेब रूथ कीं टाय कॉब? विली मेज कीं हँक ॲरन? जॉश गिब्सन, कीं २०२४ सालीं एकाच हंगामांत पन्नासांहून अधिक होमरन मारून पन्नासांहून अधिक तळ चोरून पटकावणारा जपानचा शोहेइ ओहतानी? प्रश्न पोरकट दिसतो खरा. परंतु ज्या प्रश्नावर जाणतीं माणसें शंभर वर्षें भांडत आलीं, त्याच्या पोटांत कांहींतरी असलेंच पाहिजे. माझ्या मतें, 'श्रेष्ठ' म्हणतांना आपण नेमकें कशास वंदन करतों, हा तो पोटांतला प्रश्न होय.

प्रथम आंकडे पाहूं. नुसते आंकडे शेजारीं शेजारीं मांडून न्याय होत नाहीं, हें तेथील शाळकरी पोरहि जाणतो. १९२० सालीं रूथनें ५४ होमरन मारले, २००१ सालीं बॅरी बाँड्सनें ७३ मारले. पण १९२० सालीं रूथचा स्वतःचा न्यूयॉर्कचा संघ सोडला, तर अमेरिकन लीगमधील कोणत्याहि अख्ख्या संघाला मिळून ५४ होमरन मारतां आले नव्हते! शिवाय खेळाची भूमीच पालटत असते. त्याच १९२० सालीं थुंकी लावून चेंडू फेकण्यास, जुने कांहीं खेळाडू वगळून, बंदी झाली. ऑगस्टांत डोक्यावर चेंडू लागून रे चॅपमन हा खेळाडू दगावला आणि मळका चेंडू तत्काळ बदलण्याकडे लक्ष दिलें जाऊं लागलें. फलंदाजांचे दिवस आले. उलट १९६८ सालीं पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, इतके वरचढ झाले, कीं पुढल्या वर्षीं त्यांच्या पायांखालचा उंचवटाच १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला.

म्हणून विचारी लोक दुसरें माप सुचवितात. डोंगराची उंची जशी समुद्रसपाटीपासून मोजावयाची, तशी खेळाडूची उंची त्याच्या समकालीनांपासून मोजावी. हें माप मोहक आहे, आणि त्यानें रूथ सर्वांच्या वर जातो. पण समुद्रसपाटीच वर चढत असेल तर? जीवाश्मांचे अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांनीं १९९६ सालच्या आपल्या ग्रंथांत या प्रश्नाचा मोठा मार्मिक विचार केला आहे. टेड विल्यम्सनें १९४१ सालीं हजारी ४०६ ची सरासरी गांठली, म्हणजे दर हजार संधींमागें ४०६ यशस्वी फटके. त्यानंतर अमेरिकन व नॅशनल या दोन लीगांत आजतागायत कोणीहि ४०० पर्यंत पोंचलेला नाहीं. वृद्ध रसिकांनीं यावरून ठरविलें, कीं आतां तसे खेळाडू राहिले नाहींत. गूल्ड यांनीं उलट दाखविलें. सर्वसाधारण फलंदाजाची सरासरी हजारी २६० च्या आसपासच राहिली. आक्रसलें तें उत्तम आणि सामान्य यांमधलें अंतर. फेकणारे सुधारले, अडविणारे सुधारले, सामान्य खेळाडू वर आला. शिखर मात्र मनुष्याच्या शक्तीच्या छताला आधींच टेकलेलें होतें. तेव्हां रूथच्या उंचींत रूथ किती आणि भोंवतालचा खळगा किती, हें पाहिलेंच पाहिजे.

आणि तो खळगा केवळ निसर्गानें पाडलेला नव्हता. १९४७ सालच्या १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघांतून मैदानांत उतरला, तोंपर्यंत सबंध विसाव्या शतकांत मेजर लीगचा दरवाजा कृष्णवर्णीयांस बंद होता. रूथचे ७१४ होमरन या बंद दरवाजाआड मारलेले आहेत. हा रूथचा अपराध काय? मुळींच नाहीं, तो नियम त्यानें केला नव्हता. पण अपराध त्याचा नाहीं, म्हणून श्रेय सगळें त्याचेंच, हें अनुमान कोठून निघतें? दोष आणि लाभ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. निर्दोष मनुष्यहि अन्यायाचा लाभार्थी असूं शकतो, आणि त्याच्या कीर्तीचा हिशेब करतांना तो लाभ वजा करण्यांत त्याचा अपमान नाहीं.

जॉश गिब्सन १९४७ च्या जानेवारींत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं वारला. रॉबिन्सनचा तो दिवस अवघ्या तीन महिन्यांवर होता. २०२४ च्या मे महिन्यांत मेजर लीगनें निग्रो लीगांचे आंकडे आपल्या दप्तरांत सामील केले, तेव्हां गिब्सनची हजारी ३७२ ही सरासरी टाय कॉबच्या ३६७ च्या वर जाऊन बसली. लगोलग आक्षेप आला, कीं कॉब तीन हजारांहून अधिक सामने खेळला, गिब्सनचे नोंदलेले सामने फारच थोडे. थोड्या सामन्यांत सरासरी फुगते. गणित म्हणून आक्षेप बरोबर आहे. पण सामने थोडे कां, हें हे गणिती विचारीत नाहींत. ज्यानें अन्नाचें ताट हिरावलें, त्यानेंच पुढें उपाशी माणसाचें वजन कमी भरलें म्हणून तक्रार करावी, तशांतला हा प्रकार! दुसऱ्या बाजूनें, त्या ३७२ ला नुकसानभरपाई म्हणणारे सहृदय लोकहि चुकतात. ते फटके कोणी दयेनें दिलेले नाहींत. ते त्यानें मारले.

येथें आपल्या कल्पनाशक्तीचा एक पक्षपात ध्यानांत घेण्यासारखा आहे. विल्यम्सचे १९४३ ते १९४५ हे तीन हंगाम महायुद्धांत गेले, आणि १९५२-५३ चा बहुतेक काळ कोरियाच्या युद्धांत. त्याचे चाहते त्याच्या ५२१ होमरनमध्यें हरवलेल्या वर्षांचे होमरन मोठ्या उदारपणें मिळवितात. हीच उदारता गिब्सनसाठीं मागा, कीं लगेच पुराव्याची भाषा सुरू होते.

बाँड्सचा प्रश्न निराळा. त्याचे ७६२ होमरन आजहि सर्वांत अधिक आहेत. तरी उत्तेजक औषधांच्या आरोपामुळें लेखकांनीं २०१३ ते २०२२ पर्यंत दहा वेळां मतें घेऊन त्याला कीर्तिमंदिराबाहेर ठेविलें. म्हणजे आंकडा आणि श्रेष्ठत्व एक नव्हे, हें लोकांना पटलेलेंच आहे. फक्त ही कसोटी ते एकट्यादुकट्याला लावतात, सबंध काळाला लावण्यास कचरतात.

विल्यम्सविषयीं आणखी थोडें लिहिल्यावांचून राहवत नाहीं. १९४१ च्या हंगामाच्या अखेरच्या दिवशीं त्याची सरासरी हजारी ३९९.५५ होती, ती वर ओढून ४०० धरली गेली असती. घरीं बसला असता तरी विक्रम त्याचा होता. तो त्या दिवशींचे दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा फटके मारले आणि ४०६ वर पोंचला. हाच मनुष्य १९६६ सालीं कीर्तिमंदिरांत स्वतःच्या सन्मानासाठीं उभा राहिला असतां, सॅचेल पेज आणि गिब्सन यांना संधीच दिली गेली नाहीं म्हणून ते येथें नाहींत, त्यांनाहि येथें स्थान मिळावें, असें बोलला. ज्या शिखरावर आपण उभे आहों, त्याचा पाया तपासा असें सांगणारा असा विजेता विरळा. पेजला १९७१ सालीं प्रवेश मिळाला, गिब्सनला १९७२ सालीं.

पेज तरी हयात होता. वीस वर्षांहून अधिक काळ तो गांवोगांव चेंडू फेकीत हिंडला होता. १९४८ सालीं क्लीव्हलंडच्या संघानें त्याला घेतलें, तेव्हां त्याचें वय ४२ वर्षांचें होतें. त्या वयांत बहुतेक पिचर कधींच निवृत्त झालेले असतात. त्या वर्षीं क्लीव्हलंडनें विश्वमालिका जिंकली. पेजच्या नांवावर त्या हंगामांतले ६ विजय आणि १ पराभव नोंदलेले आहेत.