नाव छापू नका

जुलै महिन्याचा दुसरा रविवार ख्रिस्तसभा ‘सागर रविवार’ म्हणून पाळते. खलाशी, मच्छीमार आणि त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या घरच्यांसाठी त्या दिवशी प्रार्थना होते. आपल्या वसईतही बोटीवर माणूस गेलेली घरे थोडी नाहीत.

खलाशांची सेवा करणारी ‘स्टेला मॅरिस’ ही कॅथलिक संस्था १९२० साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात सुरू झाली. स्टेला मॅरिस म्हणजे समुद्रतारा, पवित्र मरियेचे जुने नाव. तिचे स्वयंसेवक बंदरात लागलेल्या बोटींवर जातात, घरी फोन लावून देतात, लोकरीच्या टोप्या नि रोझरी वाटतात. हे काम फोटोत दिसते. लिहिणारा स्वयंसेवक मात्र आपल्याला आठवत नाही. वास्तविक संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, पीटर अ‍ॅन्सन, हा लेखक आणि चित्रकारच होता. वेल्समधील कॅल्डी बेटावरील मठात तो बेनेडिक्टाईन ब्रदर होता. त्याने लेखणी आणि कुंचला दोन्ही खलाशांसाठी झिजवले.

पण असे लिहिणे ही सेवा की जाहिरात? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभू येशू सांगतो. त्याच पर्वतावरील प्रवचनात तो दिवा मापाखाली झाकू नका, असेही सांगतो. मत्तयच्या पाचव्या आणि सहाव्या अध्यायांत हे दोन्ही शेजारी शेजारी आहे. आम्हांला वाटते, लपायचे ते देणाऱ्याने. ज्याच्यावर अन्याय होतो त्याला लपवून ठेवणे हे काही पुण्य नव्हे. आणि समुद्र माणसाला फार सहज लपवतो. २०२० च्या अखेरीस करोनामुळे सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही बोटींवर अडकले होते. ते कितीजणांच्या कानी आले? दोन महिने पगार थकला तर मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडले असे आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार आज मानतो. परंतु कायद्याला जाग यायची तर किनाऱ्यावर कोणीतरी बोंब मारावी लागते. ती लेखणीने मारता येते.

इथपर्यंत आमचे सरळ चालले होते. चुकलो ते पुढे.

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील एक आई आमच्याकडे आली. मुलगा परदेशी बंदरात अडकलेला, पगार थकलेला. “छापा, सगळ्यांना कळू दे,” ती रडत म्हणाली. मुलगा फोनवर म्हणाला, “नाव छापू नका. पुढचं काँट्रॅक्ट मिळणार नाही.” आम्ही नाव गाळले, आणि मोठी खबरदारी घेतल्याच्या समाधानात बोटीवरचा हुद्दा, आळी आणि आईचे अश्रू तसेच ठेवले. आपल्या पत्रकात आळी लिहिली की नाव लिहायचे बाकी काय राहते? मिस्सा सुटेपर्यंत साऱ्यांना कळले होते. आठवड्याभरात एजंटाच्या माणसाचा त्या घरी फोन आला. तो काय बोलला ते आईने आम्हांला कधी सांगितले नाही.

बातमी खरी होती, हेतू चांगला होता. तरीही ती आमची नव्हती. खरे बोलण्याचा धोका तो पत्करणार होता आणि धाडसाचे कौतुक आमचे होणार होते. (झालेही. दोघांनी हस्तांदोलन केले.) लेख वाचून जे मदतीला धावले त्यांच्यामुळे काही पैसे सुटले, हेही खरे, म्हणून गप्प बसायला हवे होते असे आम्ही आजही म्हणणार नाही. पण आळी लिहिण्याआधी त्याला पुन्हा एक फोन करायला हवा होता. अर्ध्या तासाचे काम होते, आणि अंक प्रेसमध्ये जायचा होता.

तो आता सुखरूप घरी आहे. हा मजकूर छापण्यापूर्वी आम्ही त्याला वाचायला दिला. त्याने ओट्यावर बसून सावकाश वाचला, पेन मागितले आणि दोन वाक्ये खोडली. ती इथे नाहीत.