आळ्याचा रेडा आणि मुका टीव्ही

जुन्नर तालुक्यात आळेफाट्याजवळच्या आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. पैठणहून परतताना ज्ञानदेवांसोबत आलेल्या रेड्याने इथे देह ठेवला आणि भावंडांनी त्याला इथेच समाधी दिली, असं वारकरी परंपरा सांगते. पैठणची कथा महाराष्ट्रात पोराटोरांनाही ठाऊक असते. संन्याशाची मुलं शुद्धिपत्र मागायला आली, ब्रह्मवृंदाने त्यांची टर उडवली, ज्ञानदेवांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि रेडा वेद म्हणू लागला. महिपतींनी १८व्या शतकात ‘भक्तविजया’त ही कथा ओवीबद्ध केली. चमत्कार खरा की खोटा, यावर पुष्कळ वाद झडले. त्या गदारोळात एक अवघड प्रश्न मात्र बाजूला पडला. रेडा बोलला तेव्हा तो आवाज आला कुठून? त्याच्या घशात नव्याने जन्मला, की आधीपासून होताच आणि त्याला फक्त वाट मिळाली?

प्रश्न पोथीतला वाटतो. पण नारायणगाव, मंचर, घोडेगावकडच्या एखाद्या घरात जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून तो टीव्हीला जोडला, की हाच प्रश्न बैठकीच्या खोलीत येऊन उभा राहू शकतो. ‘कोडी’ हे व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं, कीर्तनाचा व्हिडिओ लावला. बुवांचे हात हलतायत, मागे टाळकरी झुलतायत, आणि आवाजाचा पत्ता नाही. घरातला एक जण म्हणतो, ‘स्पीकर गेला.’ दुसरा म्हणतो, ‘गेला कसा? कुठेतरी अडकलाय.’

भारतीय दर्शनांत नेमक्या याच दोन बाजूंनी शतकानुशतकं वाद चालला. जैमिनींच्या मीमांसासूत्रांत पहिल्याच अध्यायात शब्द नित्य असल्याचा पक्ष मांडलेला आहे. माणूस बोलतो तेव्हा शब्द निर्माण करत नाही, तो प्रकट करतो. अंधाऱ्या खोलीत दिवा नेला की घागर दिसते; दिव्याने घागर घडवलेली नसते. कालचा ‘ग’ आज पुन्हा ऐकला की ‘हा तोच’ अशी ओळख पटते, हाही त्यांचा मोठा आधार. न्यायदर्शनाच्या नैयायिकांना हे पटत नाही. प्रयत्न केला की शब्द ऐकू येतो, नाही केला तर येत नाही, म्हणजे तो उपजतो आणि विरतो. पाण्यावर एका लाटेतून दुसरी उठावी तसा तो कानापर्यंत पोचतो. बौद्ध तर्कशास्त्रज्ञही याच बाजूचे. शब्द अनित्य, कारण तो केलेला आहे, घटासारखा: दिङ्नाग आणि धर्मकीर्तींच्या परंपरेतलं हे पाठ्यपुस्तकी अनुमान. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत त्यांच्या कितीतरी आधीच्या बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत. त्यांपैकी लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात आज गिरिजात्मज गणपती आहे.

एक बारकावा इथे सांभाळायला हवा. मीमांसकांची नित्यता वर्णांची, म्हणजे ‘ग’सारख्या अक्षरांची आहे, कानावर आदळणाऱ्या ध्वनीची नाही. ध्वनी येतो-जातो; तो वर्णाला उजेडात आणतो, इतकंच त्याचं काम.

आता टीव्हीकडे वळावं. लिनक्समध्ये आवाजाचा खालचा थर म्हणजे अल्सा. चेक प्रोग्रामर यारोस्लाव किसेला यांनी १९९८मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि २००२मध्ये ते कर्नेलच्या विकासशाखेत सामील झालं. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडलं की उभ्या पट्ट्या दिसतात: मास्टर, हेडफोन, पीसीएम. पट्टीच्या बुडाशी चौकटीत ‘ओओ’ असेल तर वाट मोकळी, ‘एमएम’ असेल तर बंद. पट्टी शंभरपर्यंत भरलेली आणि खाली एमएम, असंही असतं, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. बाणाने पट्टीवर जाऊन ‘एम’ची कळ दाबायची, वाट उघडते. अल्सात पूर्वीपासून वाहिन्या मुळात बंदच ठेवण्याची रीत होती. म्हणजे मौन हा बिघाड नव्हता, ती ठरवून दिलेली स्थिती होती. कुणीतरी येऊन ती उठवावी लागे.

एचडीएमआयची गंमत याहून मोठी. केबल एकच दिसते, पण यंत्राच्या यादीत तिच्या वाटा अनेक: तीन, सात, आठ अशा क्रमांकांच्या. आवाज तिसऱ्या वाटेने सोडलाय आणि टीव्ही सातव्या वाटेवर बसलाय, असं झालं तर कुठेही चूक दाखवली जात नाही. प्रोग्रामच्या हिशेबी गाणं व्यवस्थित वाजत असतं. कधी कोडीमध्ये पासथ्रू चालू असतं. डॉल्बी किंवा डीटीएसचा प्रवाह न उलगडता टीव्हीकडे जातो आणि टीव्हीला ती लिपी वाचता येत नाही. या प्रत्येक वेळी मीमांसक बरोबर ठरतो: शब्द आहे, अभिव्यक्ती नाही.

नैयायिकाचाही दिवस येतो. आवाजाच्या यादीत ‘डमी आउटपुट’ एवढंच दिसलं, तर कर्नेलला साउंड कार्डच सापडलेलं नसण्याची शक्यता मोठी. नव्या इंटेल यंत्रांत आवाजाच्या चिपचं फर्मवेअर बसवलेलं नसलं तरी हेच घडतं. अशा वेळी कितीही वाटा उघडा, कारणंच जुळलेली नाहीत म्हणून कार्य होत नाही. तरीही आधी विचारावा तो मीमांसकाचाच प्रश्न. ‘गेला’ म्हणणारा नवा स्पीकर आणायला निघतो. ‘अडकलाय’ म्हणणारा वाट शोधत बसतो, आणि शोधणाऱ्यालाच पुढे खरा अभावही नेमका कळतो.

जुन्नर तालुक्यातच खोडदला वाट शोधण्याचा हा विचार लोखंडात उभा आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. आकाशातून रेडिओलहरी अखंड येत असतात. प्रत्येक तबकडीच्या नाभीशी फिरणारा सांगाडा आहे, त्याच्या चार बाजूंना वेगवेगळ्या कंपनांचे ग्राहक. हवी ती बाजू तबकडीसमोर फिरवली नाही, तर कोट्यवधी वर्षांचा प्रवास करून आलेली लहरही कुणाला कळत नाही. ती लहर कुठल्यातरी ताऱ्यात किंवा वायूच्या ढगात उपजली, हे नैयायिकाचं म्हणणंही तिथे तितकंच खरं.

मग रेड्याचं काय? मीमांसेच्या मते वेद अपौरुषेय आहेत, त्यांना कर्ता नाही. म्हणणारा केवळ प्रकट करणारा. हे मनापासून मानलं, तर कंठ ब्राह्मणाचा की रेड्याचा, याने वेदाला काही फरक पडायला नको. पैठणच्या कथेत सिद्धांत मोडत नाही, तो शेवटापर्यंत नेला जातो. मोडते ती फक्त अधिकाराची चौकट, म्हणजे माणसाने लावलेलं एमएम. वेदाला स्वतंत्र, नित्य, कुणाच्याही मालकीचा नसलेला म्हणायचं आणि तो म्हणण्याची वाट मात्र जन्मावर बंद करायची, ही या दर्शनाच्या पोटातली विसंगती आहे, आणि तिची किंमत असंख्य माणसांनी मोजली.

घंटेच्या धातूला मात्र असा अडथळा आला नाही. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी देवळांत आल्या. त्यातली एक भीमाशंकरला टांगलेली आहे. तिचा नाद देवळाने आपला मानला, तिचं कूळ कुणी काढलं नाही.

अधिकाराचा वाद मीमांसेच्या आतही होता. सूत्रांच्या सहाव्या अध्यायात बादरी नावाच्या आचार्यांचं मत येतं: यज्ञकर्माचा अधिकार चारही वर्णांना आहे. जैमिनींनी ते खोडून काढलं आणि पुढे शतकानुशतकं जैमिनींचाच निर्णय चालला. पण खोडण्यासाठी का होईना, त्यांना बादरींचं नाव आणि म्हणणं सूत्रात नोंदवावं लागलं, आणि सहावा अध्याय उघडणाऱ्या कुणालाही ते आजही वाचता येतं.