कामाच्या वेळा, प्रेमाच्या वेळा

फ्रिट्झ लांगच्या ‘क्लॅश बाय नाइट’मध्ये (१९५२) सुरुवातीला कुणी प्रेमात पडत नाही, कुणी बोलतही नाही. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेचा समुद्र दिसतो, सील आणि पाणपक्षी दिसतात. मग बोटी येतात, सार्डिनचा (म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातल्या माशाचा) ढीग उपसला जातो आणि कॅनरीत, म्हणजे मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यापुढे बायका कामाला उभ्या राहतात. त्यांतली एक आहे मेरिलिन मन्रो. कथेच्या आधी श्रम दाखवण्याची ही निवड मला या चित्रपटातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते.

एक स्त्री आणि दोन पुरुष ही गोष्ट हॉलिवूडने असंख्य वेळा सांगितली. बहुतेक वेळा त्या माणसांपाशी रिकामा वेळ भरपूर असतो. इथे तसं नाही. जेरी डमाटो बोटीचा तांडेल. अर्ल फायफर थिएटरात प्रोजेक्टर चालवतो. गाव करमणूक करून घेतं तेव्हा त्याची ड्यूटी असते. त्याची बायको नाचाचे कार्यक्रम करत गावोगाव फिरते, तिचं आणि त्याचं लग्न त्या फिरतीतच विरलं आहे. मे डॉयल (बार्बरा स्टॅन्विक) दहा वर्षांनी हरून माहेरच्या गावी परत येते, भल्या जेरीशी लग्न करते, तिला मुलगी होते. मग एका रात्री दारू चढलेला अर्ल त्यांच्याच घरी झोपतो. सकाळी जेरी कामावर निघून जातो आणि स्वयंपाकघरात मे आणि अर्ल उरतात. लांगने हा प्रसंग मोहाचा म्हणून रंगवला आहे. मला त्यात कामाचं वेळापत्रक अधिक दिसतं. ज्याला पहाटे निघायचं आहे आणि ज्याचं काम संध्याकाळी सुरू होतं, त्या दोघांच्या वेळांमधली फट म्हणजे मेचा दिवस.

शिवाय मेला काम नाही. तिचा भाऊ ज्यो बोटीवर राबतो, त्याची मैत्रीण पेगी (हीच मन्रो) कॅनरीत. प्रमुख पात्रांपैकी एकट्या मेच्या हाताला घर आणि पाळणा यांपलीकडे काही नाही. तिच्या अस्वस्थतेला चित्रपट स्वभाव म्हणतो, पुढे तर पाप म्हणतो. हे मला पटत नाही. सुरुवातीला कॅनरीतल्या बायकांकडे इतक्या बारकाईने पाहणारा कॅमेरा मेला मात्र एकदाही विचारत नाही, की बाई, तू दिवसभर काय करतेस?

क्लिफर्ड ओडेट्सचं मूळ नाटक ब्रॉडवेवर आलं ते डिसेंबर १९४१मध्ये, पर्ल हार्बरनंतर काही आठवड्यांतच. ते स्टॅटन आयलंडवर घडतं. त्यातला जेरी पोलिश वंशाचा आहे आणि शेवटी तो अर्लचा खून करतो. त्या नाटकात ज्यो झालेला रॉबर्ट रायनच चित्रपटात अर्ल झाला. चित्रपटातही जेरी प्रोजेक्शनच्या खोलीत अर्लवर तुटून पडतो, पण खून होत नाही. मे बोटीवर जाऊन जेरीची क्षमा मागते आणि संसार सावरतो. पॉल डग्लसने जेरीचा अपमान इतका सच्चेपणाने उभा केला आहे, की ही क्षमा खोटी वाटत नाही. तरीही मन भरत नाही, कारण मे ज्या रिकामपणातून निघाली त्याच रिकामपणात परत जाते.

बाहेर पडून कमवायचं ठरवलं असतं, तर पेगीच्या शेजारी पट्ट्यावर उभं राहणं हा तिच्यापुढचा उघड मार्ग होता. पण मॉन्टेरेच्या समुद्रातली सार्डिन चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धातच झपाट्याने घटू लागली होती. लांगचा कॅमेरा तिथे पोचला तेव्हा तो धंदा उतरणीला लागला होता आणि पुढच्या काळात तिथल्या कॅनऱ्या एकामागून एक बंद पडत गेल्या.