गेंडा वाचला; त्याच्या वाटांचे काय?

२२ सप्टेंबर २०२१ रोजी आसाम सरकारने बोकाखात येथे गेंड्यांची २,४७९ शिंगे जाळली. चोरट्यांकडून जप्त केलेली आणि मेलेल्या गेंड्यांची काढून ठेवलेली ही शिंगे वर्षानुवर्षे सरकारी कोषागारांत कुलूपबंद होती. आपली नखे ज्या केराटिनची, त्याचीच ही शिंगे. त्यांत औषधी गुण नाहीत, हे काळ्या बाजाराला जाहीरपणे बजावणे हा त्यामागचा हेतू. पुढच्या वर्षी, २०२२मध्ये, आसामात एकाही गेंड्याची चोरटी शिकार झाली नाही.

हे यश फुकटचे नाही. १९०८मध्ये काझीरंगा राखीव वन झाले, तेव्हा तिथे अगदी मोजके गेंडे उरले होते. २०२२च्या गणनेत ते २,६१३ भरले. गेंडा ठरावीक ठिकाणीच येऊन लीद टाकतो, म्हणून शिकारी त्या ढिगाऱ्याजवळ दबा धरून बसतात. डोक्यावर जाणाऱ्या गवतात रात्री-अपरात्री गस्त घालणाऱ्या वनरक्षकांनी गेंडा राखला. गोळीबाराच्या प्रसंगी या रक्षकांना कायदेशीर संरक्षण देणारा निर्णयही आसाम सरकारने २०१०मध्ये घेतला.

पण बंदुकीचा धाक सरकारचा अंमल असेपर्यंतच टिकतो. १९८३च्या अशांततेत आसामच्याच लाओखोवा अभयारण्यातले गेंडे संपले. नव्वदच्या दशकातल्या बोडो आंदोलनाच्या धुमाळीत मानस राष्ट्रीय उद्यानातलेही संपले. २००८पासून पोबितोरा अभयारण्य आणि काझीरंगातून गेंडे आणून मानसमध्ये पुन्हा सोडले गेले, तरी त्यांतलेही काही शिकाऱ्यांच्या हाती पडले. माणसांत शांतता नसेल, तर जंगलातही ती राहत नाही.

दुसरा धोका यशाच्याच पोटात दडलेला आहे. बाबराच्या काळी पेशावरच्या आसपासही गेंडा आढळे. आज भारत आणि नेपाळ मिळून एकशिंगी गेंडे सुमारे ४,०००, आणि त्यांतले जवळपास दोन तृतीयांश एकट्या काझीरंगात. मादी पंधरा-सोळा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. तिथे एखादी साथ किंवा एखादा भयानक पूर आला, तर ती हानी लवकर भरून निघणारी नाही.

एरवी पूर हा काझीरंगाचा शत्रू नव्हे. ब्रह्मपुत्रेचा गाळ आणि पाणी यांच्यामुळेच तिथली गवताळ कुरणे व तळी जिवंत आहेत. पाणी चढले की जनावरे दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे धावतात. मधे राष्ट्रीय महामार्ग, त्याच्या कडेची हॉटेले, वस्त्या. पावसाळ्यात वाहनांवर वेगमर्यादा लागते, तरीही जनावरे चिरडली जातात. टेकड्याही दगडखाणींनी पोखरल्या जात होत्या. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काझीरंगाच्या पाणलोट क्षेत्रात खाणकामाला बंदी घातली. रस्त्याची आखणी, हॉटेलचा परवाना, खाणीचा करार, यांतले काहीच वनरक्षकाच्या हाती नाही. गेंड्याचे भवितव्य मात्र त्यावरच ठरते.

म्हणून आता संरक्षणाचे मोजमापही बदलले पाहिजे. गेंड्यांची शिरगणती दर काही वर्षांनी होते. तशीच टेकड्यांकडे जाणाऱ्या मोकळ्या वाटांचीही व्हावी आणि तिचे आकडे जाहीर व्हावेत. त्यातली एक जरी वाट बुजली, तरी जाब वनखात्याला नव्हे, तर बांधकाम, महसूल आणि खनिकर्म खात्यांना विचारला गेला पाहिजे.