न सांगितलेली साखर

अंधेरीहून बोरिवली फास्ट पकडली की आईचा फोन ठरलेला. गेल्या आठवड्यात तिने यादी सांगितली: चहापत्ती, दूध, आलं, वेलची, गवती चहा, खारी, टोस्ट. जांभळी गल्लीत शिरून मी सगळं घेतलं, आणि किलोभर साखरही.

"साखर कशाला? डबा भरलाय. मी सांगितलीच नव्हती."

"आई, तूच म्हणालीस. वेलचीनंतर." तिचा आवाजसुद्धा माझ्या कानात होता. "हल्ली विसरायला लागलीस तू," असंही बोलून गेले. तिने काही न बोलता कालनिर्णयचं मागचं पान पुढे केलं. त्यावरूनच तिने फोनवर वाचून दाखवलं होतं. साखर त्यात नव्हती.

शब्द डोक्यात एकेकटे राहत नाहीत. वरण म्हटलं की भात जिभेवर येतो. मायर आणि श्वानेवेल्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली हे मोजून दाखवलं: 'ब्रेड'च्या जोडीला 'बटर' असला तर लोक तो लवकर ओळखतात, 'नर्स'च्या जोडीला असला तर उशिरा. फरक सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, पण पुन्हा पुन्हा दिसणारा. आपल्याकडे शिवकाळातला राज्यव्यवहारकोश याच जवळिकीवर रचलेला आहे. त्याचे दहा वर्ग अर्थाने पाडलेले. किल्ल्याचे शब्द दुर्गवर्गात, बाजाराचे पण्यवर्गात. एका शब्दाचं बोट धरून दुसरा येतो.

कधी न बोलावलेलाही येतो. १९९५ साली रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी लोकांना बिछाना, विश्रांती, थकवा, स्वप्न अशा शब्दांच्या याद्या ऐकवल्या. 'झोप' हा शब्द मुद्दाम गाळला होता. अशा गाळलेल्या शब्दांपैकी सुमारे ४० टक्के शब्द लोकांनी ऐकल्यासारखे लिहून दिले, आणि पुष्कळांना त्यांची पक्की खात्रीही होती. ते खोटं बोलत नव्हते. मीही नव्हते. चहा, आलं, वेलची यांनी मिळून साखर हाक मारून आणली आणि तिला आईचा आवाज माझ्या मनाने दिला.

मला टोचतं ते साखरेचं नाही. स्वतःच्या चुकीचा दाखला म्हणून मी तिचं वय पुढे केलं, ते टोचतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'तू विसरतेस' म्हणण्याआधी एवढं करा: यादीचा कागद मागून घ्या.