थाळीचा उगम : माती की हात?

पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू येथे 1945 मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी केलेल्या उत्खननात काळसर, गुळगुळीत लेपाच्या उथळ थाळ्यांची खापरे मिळाली, ज्यांच्या आतल्या तळावर बारीक त्रिकोणी वा कोरीसारख्या खाचांची, एकाभोवती एक अशी वर्तुळे आहेत. या भांड्यांना ‘रुलेटेड’, म्हणजे दंतुर चाक फिरवून नक्षी उठवलेली, असे म्हणतात. अशा खापराच्या फलकावर ‘उगम’ म्हणून काय लिहावे, यावर एक संग्रहालय-अभिरक्षक आणि एक पुरातत्त्वज्ञ विदुषी यांच्यातील हा कल्पित संवाद आहे.

अभिरक्षक : व्हीलर यांनी या नक्षीचे तंत्र भूमध्य समुद्राकडचे मानले, आणि ते निराधार नव्हते, कारण अरिकामेडूतच इटलीतील कुंभारांच्या नावांचे ठसे असलेली तांबडी अरेटाइन भांडीही मिळाली. मग ‘रोमन’ लिहिण्यात गैर काय?

पुरातत्त्वज्ञ : ठसा हा कुंभाराने स्वतः मागे ठेवलेला पुरावा आहे, तर नक्षीतील साम्य हा पाहणाऱ्याचा तर्क आहे, दोन्ही भांडी शेजारी सापडली म्हणून एकाची साक्ष दुसऱ्याला लागू होत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनाने, म्हणजे खापराच्या भुकटीवर सोडलेले किरण कोणत्या कोनांत विखुरतात यावरून खनिजे ओळखण्याच्या पद्धतीने, रुलेटेड खापरांची माती तपासली आणि ती बंगालमधील चंद्रकेतुगड-तामलुक परिसराच्या मातीशी जुळते, असे 1997 मध्ये मांडले.

अभिरक्षक : पण माती नदीने दिली, रूप माणसाने दिले. नक्षीची कल्पना परदेशी भांड्यावरून घेतली असेल, तर केवळ गाळाला जन्मस्थान मानणे हा त्या हातावर अन्याय नव्हे काय?

पुरातत्त्वज्ञ : अन्याय झाला तो उलट दिशेने. काम सफाईचे दिसले की ते बाहेरून आले असणार, हे गृहीत धरले गेले, आणि येथील कुंभाराच्या वाट्याला फार तर नकलेचे श्रेय आले. विमला बेगले यांनी 1988 मध्ये फेरविचार करून दाखवले, की ही भांडी रोमन व्यापार भरभराटीस येण्याआधीच घडू लागली होती. उसनवारी अशक्य नाही, परंतु ती सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर आहे.

अभिरक्षक : म्हणजे मातीचा शब्द अखेरचा मानावा?

पुरातत्त्वज्ञ : नाही. गंगेचा गाळ दूरवर सारखाच असल्याने जुळणीतून प्रदेश कळतो, गाव कळत नाही. आणि माती कोठली हे कळले, तरी कुंभार कोणाच्या हाताखाली शिकला हे कळत नाही. म्हणून फलकावर तीन नोंदी असाव्यात : माती बहुधा बंगालची, तंत्राचे मूळ अनिर्णित, प्राप्तिस्थान अरिकामेडू.

अभिरक्षक : प्रेक्षक मात्र एकच उत्तर मागेल.

पुरातत्त्वज्ञ : तर ‘बंगाल’ लिहावे, कारण तपासणीला उतरलेली बाजू तीच आहे. शिवाय अशीच खापरे बाली बेटावरील सेंबिरान येथेही मिळाली आहेत. नजर रोमकडेच लागून राहिली तर पूर्वेकडच्या या प्रवासाची दखल घेतली जात नाही, पण बंगाल मान्य केले की गंगेच्या मुखापासून दक्षिणेला आणि पूर्वेला ही नाजूक भांडी कोणी, कशाच्या मोबदल्यात नेली, याचा शोध घ्यावाच लागतो.